क्रोन्स, कोलायटिस की आतड्याचा टीबी? डॉक्टर कसं ओळखतात, पायरीपायरीनं

माझं मेडिकल आहे, परभणी जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावाला, आणि वीस वर्षं काउंटरवर उभं राहून एक बघितलंय की पोटाचं दुखणं माणूस लई दिवस अंगावर काढतो. आधी मुरडा म्हणून पुडी, मग आव पडली म्हणून मेट्रोनिडाझोल, रक्त दिसलं की मुळव्याध, आणि वजन उतरू लागलं की कोणीतरी म्हणतंच, आतड्याचा टीबी असंल. अवघड हे आहे की यातलं प्रत्येक नाव कधी ना कधी बरोबर असतं. माझ्या भाच्याला ही सगळी नावं लागली, वर अपेंडिक्सचं पण लागलं, आणि शेवटी निघालं क्रोन्स, म्हणजे आतड्याला सूज आणि जखमा होण्याचा जुनाट आजार. तोवर दीड वर्ष गेलं होतं आणि २२ वर्षांचं पोरगं ६१ किलोवरून ४७ वर आलं होतं.

मी डॉक्टर नाही. भाच्याबरोबर संभाजीनगरच्या फेऱ्या करताना जे विचारून विचारून लिहून घेतलं, नंतर बसून वाचलं, ते इथं क्रमानं सांगायलोय, म्हणजे तुमच्या घरात कोणाला हे निघालं तर कोणती तपासणी कशासाठी आहे आणि आपण काय सांभाळायचं हे तरी कळंल. औषधाचा निर्णय मात्र तुमच्या डॉक्टरांचाच.

सगळ्यात आधी हे डोक्यात घ्या की क्रोन्स ओळखणारी अशी एकच टेस्ट नाहीच. रक्ताची नाही, दुर्बिणीची नाही, आतड्याचा बारका तुकडा काढून तपासतात ती पण नाही. डॉक्टर पाचसहा ठिकाणचे पुरावे एकमेकांशी जुळवून बघतात आणि मग नाव देतात. त्यामुळं कोणता पुरावा कधी घेतला आणि कसा घेतला याला फार किंमत आहे, आणि आपल्याकडं घोटाळा नेमका तिथंच होतो, पुरावा गोळा व्हायच्या आधीच औषध सुरू होतं.

आधी नावं समजून घ्या

संभाजीनगरच्या पोटाच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत चिठ्ठीच्या पाठीमागं बॉलपेननं आतडं काढून दाखवलं. तो कागद अजून आमच्या फाईलीत आहे. मोठं आतडं उलट्या नालासारखं, उजवीकडं खाली लहान आतडं येऊन मिळतं ती जागा, आणि डावीकडून खाली गुदद्वारापर्यंत. अल्सरेटिव्ह कोलायटिस दाखवताना त्यांनी गुदद्वारापासून पेन फिरवायला सुरू केलं आणि मधे कुठंच न उचलता सलग वर नेलं, म्हणाल्या हा आजार खालून सुरू होतो आणि जिथवर जातो तिथवर सलग जातो, फक्त मोठ्या आतड्यात, आणि तो पण आतल्या अस्तरापुरता. मग क्रोन्स दाखवताना पेन उचलून उचलून ठिगळं काढली, एक लहान आतड्याच्या शेवटाला, एक मोठ्या आतड्याच्या मधे, एक गुदद्वारापाशी. आपल्या खेड्याच्या रस्त्यासारखं, थोडा खराब, मग बरा, मग पुन्हा खराब. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठंही होऊ शकतो, सगळ्यात जास्त लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, ज्याला इलियम म्हणतात. आणि तो आतड्याच्या भिंतीत आरपार जातो, म्हणून त्यात आतडं अरुंद होतं, आतड्याला आतड्याशी किंवा कातडीशी जोडणारी नळी पडते, गळू होतात.

या दोघांना मिळून आयबीडी म्हणतात, म्हणजे आतड्याला सूज येणारे आजार. आयबीएस हे वेगळं प्रकरण, नाव सारखं वाटतं पण त्यात आतड्याला सूज किंवा जखम नसते. रिपोर्टवरचं अक्षर नीट बघत जा, माझ्याकडं आयबीएसच्या गोळ्या घ्यायला येणारे कैकजण मला आयबीडी झालाय म्हणून सांगतात आणि उगंच घाबरून असतात.

क्रोन्स हे नाव अमेरिकेतल्या बरिल क्रोन या डॉक्टरांवरून पडलं, त्यांनी न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय हॉस्पिटलमधल्या गिन्झबर्ग आणि ओपनहायमर या सहकाऱ्यांसोबत १९३२ साली यावर लेख लिहिला. पण त्याच्याही आधी १९१३ साली ग्लासगोच्या डॅल्झिएल नावाच्या सर्जननं असेच पेशंट नोंदवले होते, आणि त्यांचं म्हणणं होतं की दिसायला हे टीबीसारखं आहे पण टीबीचा जंतू सापडत नाही. म्हणजे आपल्याकडं आज जो पेच पडतो तो या आजाराला पहिल्या दिवसापासूनच चिकटलेला आहे. जिथं टीबी कमी आहे तिथल्या डॉक्टरांपुढं मोठा प्रश्न क्रोन्स की अल्सरेटिव्ह कोलायटिस हा असतो, आपल्याकडं मात्र क्रोन्स की टीबी हा असतो, आणि दोन्हीची औषधं एकमेकांच्या उलट आहेत.

पहिली पायरी: डॉक्टरकडं जायच्या आधी वही

दोनशे पानी नको, साधी शंभर पानी पुरे. किती महिन्यांपासून त्रास आहे, दिवसात किती वेळा संडासला जावं लागतं, त्यात रात्री झोपेतून उठून किती वेळा, रक्त पडतं का आणि ते वर लागलेलं असतं की शौचात मिसळलेलं, चिकट आव पडते का, दुखतं कुठं, जेवल्यावर वाढतं का, पोट फुगून गुडगुड होऊन मग एकदम मोकळं होतं का, वजन आधी किती आता किती, ताप येतो का आणि संध्याकाळी येतो का, रात्री घाम सुटतो का. घरात किंवा शेजारी कोणाला टीबी झाला होता का हे पण. गेल्या सहा महिन्यांत खाल्लेली सगळी औषधं, आणि त्यात अंगदुखीच्या गोळ्या विसरू नका, कारण डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या रोज खाल्ल्या तर त्यांच्यानंही लहान आतड्यात जखमा होतात आणि त्या क्रोन्ससारख्या दिसू शकतात. ऊसतोडीहून आलेली माणसं माझ्याकडं या गोळ्यांची पाकिटं मागतात, महिनोन्महिने चालू असतात, आणि डॉक्टरनं विचारलं की कोणती औषधं चालू आहेत तर म्हणतात काहीच नाही, कारण अंगदुखीच्या गोळीला कोणी औषध समजत नाही.

हे प्रश्न उगाच नसतात. रात्री झोपेतून उठवणारी जुलाब, रक्त, उतरलेलं वजन, रक्त कमी होणं यातलं काही असलं की आयबीएस म्हणून सोडून देता येत नाही. सारखी रक्ती आव, आणि जाऊन आलं तरी पुन्हा जावं वाटणं, हे जास्त करून अल्सरेटिव्ह कोलायटिसकडं बोट दाखवतं. उजव्या बाजूला खाली दुखणं, जेवल्यावर कळ, वजन उतरणं आणि रक्त मात्र फारसं नाही, असं असलं तर इलियमचा क्रोन्स किंवा टीबी. ताप आणि पोटात पाणी होणं टीबीत जास्त. बिडी-सिगारेट खरं सांगा, ती क्रोन्सला वाढवते, आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस उलट न ओढणाऱ्यात किंवा नुकतीच सोडलेल्यात जास्त दिसतो. त्याचा अर्थ कोणी ओढावी असा नाही, पण डॉक्टरला अंदाज बांधायला उपयोगी पडतं.

दुसरी पायरी: अंग तपासणं, आणि जे आपण लपवतो ते

इथं मला थांबून सांगायचंय. भाच्याच्या पोटावर हात ठेवून झाल्यावर मॅडमनी विचारलं, संडासच्या जागी कधी गाठ, पू, काही? तो गप्प. माझी ताई म्हणाली, नाही नाही, तसलं काही नाही. मॅडमनी आम्हाला दोघांना बाहेर काढलं. पाच मिनिटांनी बोलावलं तेव्हा पोराची मान खाली होती. दीड वर्षापासून त्याला भगंदर होता, दर काही दिवसांनी गाठ येऊन फुटायची, पू यायचा, तो चड्डीत कापूस ठेवून कॉलेजला जायचा आणि घरात कोणालाच माहीत नव्हतं. ताई तिथंच खुर्चीत बसून रडायला लागली, म्हणाली माझ्याजवळ तर सांगायचं होतंस लेकरा. मॅडम म्हणाल्या की हे पहिल्याच डॉक्टरला कळलं असतं तर त्यांच्याही डोक्यात क्रोन्स आधी आला असता.

कारण गुदद्वाराशी भगंदर, वरचेवर गळू, न भरणाऱ्या चिरा, हे क्रोन्सचं मोठं लक्षण आहे. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये असं सहसा होत नाही. टीबीत कधीतरी होतं, पण क्रोन्सइतकं नाही. साधा भगंदर पण असतोच, सगळ्यांना क्रोन्स नसतो, पण भगंदराचं ऑपरेशन होऊन पुन्हा पुन्हा होत असंल आणि सोबत पोट पण बिघडलेलं असंल तर सर्जनला आणि पोटाच्या डॉक्टरला दोघांनाही दोन्ही गोष्टी सांगा. जवान पोरं-पोरी हे सांगत नाहीत. त्यांना डॉक्टरबरोबर एकटं सोडा, पोरीसोबत हवं तर तिची आई किंवा नर्स.

याशिवाय डॉक्टर तोंडातले फोड बघतात, डोळे लाल होऊन दुखले होते का विचारतात, सांधे आणि कंबर सकाळी आखडते का, नडगीवर लाल दुखऱ्या गाठी येतात का. पोटाच्या आजारात नडगीचा काय संबंध असं वाटतं, पण आयबीडीत हे आतड्याबाहेर दिसतं आणि टीबीत तुलनेनं कमी. लहान लेकरांत तर कधी कधी एवढंच दिसतं की उंची वाढत नाही, बरोबरीची पोरं पुढं गेली आणि हे तिथंच.

तिसरी पायरी: रक्त आणि शौच

रक्तात हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट, ईएसआर, सीआरपी, अल्ब्युमिन, लिव्हर-किडनी, लोह, बी१२ बघतात. यातलं काहीच आजाराचं नाव सांगत नाही, सूज आहे का आणि शरीर किती खचलंय एवढं सांगतं. बी१२ इलियममधून शोषलं जातं, त्यामुळं ते फार कमी आलं तर डॉक्टरची नजर तिकडं जाते, पण आपल्याकडं शाकाहारी माणसांत ते तसंही कमी असतं म्हणून एकट्या बी१२ वरून काही ठरत नाही.

शौचाची तपासणी लोक टाळतात आणि डबी रिकामी परत आणतात. असं करू नका, ही तपासणी स्वस्त आहे आणि कधी कधी जीव वाचवते. उन्हाळ्यात टँकरचं पाणी, बोअरचं पाणी, साठवलेलं पाणी पिऊन आपल्याकडं आतड्याचे इन्फेक्शन होतातच. अमिबामुळं मोठ्या आतड्यात ज्या जखमा होतात त्या अल्सरेटिव्ह कोलायटिससारख्या दिसू शकतात, आणि अमिबा असताना कोणी स्टेरॉइड चालू केलं तर आतडं फाटण्यापर्यंत जाऊ शकतं. नमुना ताजा द्या, सकाळचा दुपारपर्यंत घरात ठेवून नेलेला नको. बरेच अँटिबायोटिक खाल्लेले असतील तर क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाच्या जंतूचं टॉक्सिन पण तपासतात, आधीपासून आयबीडी असलेल्याचा त्रास एकदम वाढला तरी तपासतात.

मग येतं फिकल कॅलप्रोटेक्टिन. पांढऱ्या पेशींमधलं हे प्रोटीन आहे, आतड्याला सूज असली की शौचात वाढतं. साधारण ५० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या खाली असलं तर आतड्याला सूज असण्याची शक्यता कमी आणि आयबीएसचा विचार करता येतो, २५० च्या वर असलं तर सूज नक्कीसारखी, मधलं असलं तर काही आठवड्यांनी पुन्हा करतात. पण नीट लक्षात घ्या, हे क्रोन्स आणि टीबी वेगळं करत नाही, क्रोन्स आणि कोलायटिस पण वेगळं करत नाही. फक्त सूज आहे की नाही. अंगदुखीच्या गोळ्यांनी पण हा आकडा वाढतो, म्हणून डॉक्टरला विचारून त्या आधी बंद करा.

एएससीए आणि पी-एएनसीए नावाच्या महागड्या रक्ततपासण्या कोणी लिहिल्या तर कशासाठी ते विचारा. पहिली क्रोन्समध्ये आणि दुसरी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये जास्त पॉझिटिव्ह येते हे खरं, पण टीबी आणि क्रोन्समधला फरक करायला त्यांचा भरवसा नाही. पैसे कमी असतील तर ते दुर्बिणीसाठी आणि तुकड्याच्या तपासणीसाठी राखून ठेवा.

दुर्बिणीच्या आधी काय खायचं नाही

खायचं म्हणजे औषध म्हणतोय मी. स्टेरॉइड नको, म्हणजे प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन असली गोळी नको, बिनलेबलच्या पुड्या नकोत कारण त्यात पण स्टेरॉइड असू शकतं. ऑफ्लोक्सासिन-लिव्होफ्लोक्सासिनच्या जातीचे अँटिबायोटिक मनानं घेऊ नका, कारण त्यांचा टीबीच्या जंतूवर अर्धामुर्धा परिणाम होतो आणि मग जंतू सापडत नाही. आणि एकेटी, म्हणजे टीबीच्या औषधांचा कोर्स, तर तुकडा घेतल्याशिवाय नकोच. माणूस अत्यवस्थ असंल तर डॉक्टर थांबणार नाहीत आणि थांबू पण नये, पण महिनोन्महिने चालत आलेल्या त्रासाला दुर्बिणीपुरते चार दिवस थांबता येतं. मी स्वतः भाच्याला तीन वेळा ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलचा कोर्स दिला होता, चिठ्ठी न बघता, घरचा म्हणून. आता काउंटरवर कोणी तीन आठवड्यांच्या वर जुलाब सांगितली तर मी गोळी न देता डॉक्टरकडं पाठवतो.

चौथी पायरी: कोलोनोस्कोपी आणि त्या छोट्या बाटल्या

कोलोनोस्कोपी म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून सगळं मोठं आतडं आणि जमलं तर इलियमचा शेवटचा भाग बघणं. पोट स्वच्छ झालं नाही तर काहीच दिसत नाही आणि पुन्हा यावं लागतं. म्हणून दोनतीन दिवस आधीपासून भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याची आणि कारळाची चटणी, तीळ, पेरू, टोमॅटो बंद, मऊ भात आणि वरणाचं वरचं पाणी चालतं. लोहाच्या गोळ्या आठवडाभर आधी बंद करायला सांगतात. आदल्या दिवशी पावडर पाण्यात घालून प्यायला देतात, ती सांगितल्याप्रमाणं पूर्ण प्यायची, शेवटी पिवळसर पाण्यासारखं निघालं पाहिजे. गावाकडून जाणार असाल तर आदल्या रात्री तिथंच मुक्काम करा, पावडर पिऊन एसटीत बसता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधीच विचारा, आणि आतडं अडकल्यासारखं वाटत असंल, पोट फुगून उलट्या होत असतील तर पावडर प्यायच्या आधी डॉक्टरला फोन करा.

आत काय बघतात? सूज सलग आहे की तुटक. गुदाशय खराब आहे की वाचलाय. जखमा कशा आकाराच्या. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये गुदाशयापासून सलग लाल, ओलसर, हात लावला की रक्त येणारं अस्तर. क्रोन्समध्ये तोंडातल्या फोडासारखे बारके व्रण, आतड्याच्या लांबीच्या दिशेनं जाणाऱ्या खोल चिरा, मधे मधे चांगलं अस्तर, आणि चिरांच्या जाळीत उरलेलं अस्तर दगडी फरशीसारखं वर आलेलं. टीबीत व्रण जास्त करून आडवे, आतड्याभोवती कडं केल्यासारखे, आणि लहान-मोठं आतडं जिथं मिळतं तिथली झडप ताठ उघडी पडलेली. टीबी सहसा थोड्या ठिकाणी असतो, चार किंवा जास्त भागांत पसरलेला असला तर क्रोन्सकडं कल जातो. पण प्रत्येक नियमाला फाटा आहे. गुदाशयातून औषधाचा एनिमा घेतलेला असला तर अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्येही गुदाशय वाचलेला दिसतो, आणि डाव्या बाजूच्या कोलायटिसमध्ये अपेंडिक्सच्या तोंडाशी एक वेगळा लाल डाग असू शकतो, तो बघून क्रोन्स म्हणायची घाई होते.

आता बाटल्या. तुकडा म्हणजे बायोप्सी, तांदळाच्या दाण्याहून बारका. जिथं जखम आहे तिथून तर घेतातच, पण जिथं अस्तर चांगलं दिसतं तिथूनही घ्यावे लागतात, इलियम, मोठ्या आतड्याचे वेगवेगळे भाग, गुदाशय, प्रत्येक ठिकाणचे किमान दोन आणि वेगवेगळ्या बाटलीत. सगळे एकाच बाटलीत टाकले तर पॅथॉलॉजिस्टला कळणार कसं की कुठं सूज होती आणि कुठं नव्हती, आणि क्रोन्सची ओळखच त्या तुटकपणात आहे.

भाच्याची पहिली दुर्बीण दुसऱ्या एका गावी झाली होती. तिथं तुकडे घेतले, सगळे एकाच बाटलीत, फॉर्मॅलिनमध्ये. रिपोर्ट आला, ग्रॅन्युलोमा म्हणजे पेशींची बारीक गाठ दिसली, टीबी असू शकतो. म्हणून एकेटी सुरू. फॉर्मॅलिन तुकडा टिकवतं पण जंतू मारतं. त्यात बुडवलेल्या तुकड्यावर टीबीचं कल्चर, म्हणजे जंतू वाढवून बघणं, होऊच शकत नाही. कल्चर आणि जीन एक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूचे जीन शोधणारी टेस्ट) तुकडा सलाईनमध्ये वेगळा ठेवून लगेच पाठवावा लागतो. मला हे कोणी आधी सांगितलं असतं तर मी दारात उभा राहून विचारलं असतं. संभाजीनगरला दुसऱ्या वेळी मी बघितलं, टेबलावर सहा बाटल्या ओळीनं मांडलेल्या, झाकणावर चिकटपट्टी, त्यावर बॉलपेननं इलियम, सीकम, रेक्टम असं लिहिलेलं, आणि एकीवर लाल पेननं सलाईन. तुम्ही दुर्बिणीच्या आधी एवढंच नम्रपणे विचारा की डॉक्टर, टीबीच्या कल्चरसाठी सलाईनमध्ये तुकडा घेणार ना?

तुकड्याच्या रिपोर्टात काय वाचायचं

अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये सूज वरच्या थरात, ग्रंथींची रचना सगळीकडं बिघडलेली. क्रोन्समध्ये सूज ठिकठिकाणी आणि खोलवर, कधी कधी ग्रॅन्युलोमा, लहान आणि सुटे सुटे. टीबीतले ग्रॅन्युलोमा मोठे, एकमेकांत मिसळलेले, आणि मधे दह्याच्या चोथ्यासारखा मेलेला भाग, त्याला केसिएशन म्हणतात. केसिएशन दिसलं किंवा टीबीचा जंतू सापडला तर टीबी पक्का. पण नुसता ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी नाही, आमच्या बाबतीत घसरलं ते इथंच. आणि उलटही खरं, क्रोन्स असलेल्या बऱ्याच जणांच्या तुकड्यात ग्रॅन्युलोमा सापडतच नाही, त्यामुळं नाही सापडला म्हणून क्रोन्स नाही असं होत नाही. जीन एक्स्पर्ट पॉझिटिव्ह आलं तर विश्वास ठेवता येतो, पण आतड्याच्या टीबीत ते निगेटिव्ह येणं फार सामान्य आहे. कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, तो रिपोर्ट आणायला विसरू नका, कैकजण पहिला रिपोर्ट घेऊन गावी जातात आणि कल्चर लॅबमध्येच पडून राहतं.

दुसऱ्या डॉक्टरकडं जाताना नुसता कागद नेऊ नका, लॅबमधून स्लाइड आणि ब्लॉक मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, त्यावरून पुन्हा स्लाइड करता येते.

पाचवी पायरी: स्कॅन

लहान आतडं सहा मीटरच्या आसपास लांब आहे आणि कोलोनोस्कोपी त्याच्या शेवटच्या काही इंचांपर्यंत पोचते. बाकीचं बघायला सीटी किंवा एमआर एन्टरोग्राफी करतात, आधी बरंच द्रव प्यायला देऊन आतडं फुगवून. तरुण पेशंट असंल आणि पुन्हा पुन्हा करायची असंल तर एमआरला पसंती, त्यात किरण नसतात, पण खर्च जास्त आणि सगळीकडं मिळत नाही. भगंदर असला तर कमरेखालचा एमआर वेगळा करतात. क्रोन्समध्ये आतड्याचा लांब भाग जाड झालेला, शेजारच्या रक्तवाहिन्या कंगव्याच्या दातांसारख्या उठून दिसणाऱ्या, भोवती चरबी वाढलेली. टीबीत जाड झालेला भाग छोटा, मधून मऊ पडलेल्या लिम्फ गाठी, पोटात पाणी. मधून मऊ पडलेल्या गाठी दिसल्या तर टीबीचा संशय खूप बळावतो. छातीचा एक्स-रे पण काढतातच, फुप्फुसात टीबी दिसला तर अर्धं काम झालं, पण छाती साफ असली म्हणजे आतड्यात टीबी नाही असं नसतं.

कॅप्सूल एन्डोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची गोळी गिळणं, हे ऐकायला सोपं वाटतं पण आतडं कुठं अरुंद झालेलं असंल तर गोळी तिथं अडकू शकते, म्हणून आधी स्कॅन झाल्याशिवाय घेत नाहीत.

सगळं होऊनही टीबी की क्रोन्स ठरत नाही तेव्हा

आणि असं बऱ्याचदा होतं. मँटू टेस्ट (हातावर टोचून बघायची टीबीची टेस्ट) किंवा रक्तातून करायची टीबीची इग्रा टेस्ट पॉझिटिव्ह आली तरी आपल्याकडं तिचा अर्थ एवढाच की टीबीचा जंतू कधीतरी अंगात शिरला होता, आपल्या कित्येक धडधाकट लोकांची पण येईल. मग डॉक्टरांपुढं दोन वाटा. क्रोन्स समजून स्टेरॉइड द्यावं तर आणि असला टीबी तर तो भडकून पसरंल, माणूस दगावू शकतो. टीबी समजून एकेटी द्यावं तर आणि असला क्रोन्स तर तो आत वाढत राहून आतडं अरुंद करंल. पहिल्यात धोका मोठा आणि लवकर आहे, म्हणून शंका उरली तर आपल्याकडचे डॉक्टर आधी एकेटी देऊन बघतात. हा अंदाजपंचे इलाज नाही, ही एक तपासणीच आहे, पण एका अटीवर, की दोन ते तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण करून जखमा भरल्या का ते बघायचं.

ही अट पाळली जात नाही हे माझं सगळ्यात मोठं दुखणं आहे. भाच्याला एकेटी सुरू झाल्यावर पहिल्या महिन्यात बरं वाटलं, भूक लागू लागली, दोन किलो वजन वाढलं, आम्ही पेढे वाटले. असं क्रोन्समध्येही होऊ शकतं, एकेटीनं काही दिवस बरं वाटतं, हे आम्हाला कोणी सांगितलं नाही. पुन्हा दुखायला लागलं तेव्हा सांगितलं कोर्स पूर्ण करा. सहा महिने पूर्ण केले. दुसरी दुर्बीण झाली तेव्हा व्रण होते तसेच होते आणि इलियमचं तोंड इतकं अरुंद की दुर्बीण आत जाईना. टीबी असता तर जखमा दोनतीन महिन्यांतच भरलेल्या दिसल्या असत्या. त्या व्रणांवरून, भगंदरावरून, स्कॅनवरून आणि निगेटिव्ह कल्चरवरून मॅडमनी क्रोन्स लिहिलं.

लक्षणांवर न जाता जखमांवर का जातात, याचं दुसरं पण कारण आहे. टीबी पूर्ण बरा होऊनसुद्धा तिथं वण पडून आतडं आवळलेलं राहू शकतं, मग पोट दुखत राहतं आणि वाटतं औषध लागू पडलं नाही. म्हणून दुखतंय म्हणजे क्रोन्स आणि थांबलं म्हणजे टीबी असा हिशोब करू नका. एकेटी मधेच सोडू नका, आणि जखमा भरल्या नाहीत तर औषधाला न जुमानणारा टीबी नाही ना हे पण डॉक्टर बघतात. टीबी निघाला तर नोंदणी करून घ्या, सरकारी औषधं फुकट आहेत आणि निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये खात्यावर येतात.

आणि एक, ताईनं त्या सहा महिन्यांत भाच्याचं ताट-तांब्या वेगळं केलं होतं. फुप्फुसात टीबी नसंल आणि फक्त आतड्यात असंल तर ताटावरून तो घरात पसरत नाही, आणि क्रोन्स तर संसर्गाचा आजारच नाही. पोराला एकट्याला जेवायला बसवू नका.

बाकीची नावं, थोडक्यात

वयस्कर माणसाला पाण्यासारखी जुलाब आणि दुर्बिणीत सगळं चांगलं, तर मायक्रोस्कोपिक कोलायटिस, तो फक्त तुकड्यात दिसतो म्हणून चांगल्या अस्तराचा पण तुकडा घ्यावा लागतो. हार्ट किंवा रक्तवाहिन्यांचा पेशंट, एकदम कळ आणि रक्त, तर आतड्याचा रक्तपुरवठा कमी पडला असंल. तोंडात आणि गुप्तांगावर वरचेवर फोड येत असतील तर बेहसेट नावाचा आजार. लिम्फोमा (लिम्फ पेशींचा कॅन्सर) आणि आतड्याचा कॅन्सर पण या यादीत आहेत, म्हणून पुरेसे तुकडे हवेत. गव्हानं होणारा सिलिॲक आजार रक्ताच्या टीटीजी टेस्टवर धरतात, पण ती टेस्ट गहू खाण्यात असतानाच खरी येते. आपल्याकडं ज्वारीची भाकरीच रोज खाणाऱ्या घरात गहू फार कमी पोटात जातो, ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसतं, तेव्हा टेस्टच्या आधी आपण काय खातो ते डॉक्टरला स्पष्ट सांगा.

आणि मोठ्या आतड्याचा आयबीडी असलेल्या शंभरातल्या साधारण दहा जणांत क्रोन्स की अल्सरेटिव्ह कोलायटिस हे सगळ्या तपासण्या होऊन पण ठरत नाही, त्याला अनक्लासिफाइड लिहितात. त्यात डॉक्टरची चूक नाही, पुढच्या काही वर्षांत चित्र उघडतं, तोवर सुजेवर इलाज चालू ठेवतात.

थांबायचंच नाही अशा वेळा

पोट फुगून ताठ, गॅस पण सरत नाही आणि उलट्या. भरपूर रक्त पडून चक्कर. थंडी वाजून ताप आणि पोटात ठणका. संडासच्या जागी गाठ आणि ताप. यातलं काही झालं की वही, अपॉइंटमेंट सगळं बाजूला, जवळच्या सर्जरी होणाऱ्या दवाखान्यात, रात्र असली तरी.

नाव लिहून घेताना

शेवटी डॉक्टर नाव देतील तेव्हा नुसतं क्रोन्स एवढंच लिहून घेऊ नका. कोणत्या वयात सुरू झाला, कुठं आहे, म्हणजे इलियम, मोठं आतडं की दोन्ही, आणि कसा वागतोय, म्हणजे नुसती सूज, अरुंद होणारा की नळ्या पाडणारा, आणि गुदद्वाराशी आहे का, हे लिहून मागा. माँट्रियल वर्गीकरण म्हणून एक छोटा कोड असतो, भाच्याचा ए२, एल३, बी२, पी असा आहे, आणि उद्या हैदराबादला किंवा पुण्याला कोणी नवीन डॉक्टर बघितलं तरी या चार अक्षरांवरून त्यांना निम्मं कळतं. इन्फ्लिक्सिमॅब किंवा अडालिमुमॅबसारखं क्रोन्सची सूज दाबणारं इंजेक्शन ठरलं तर त्याच्या आधी टीबी आणि हिपॅटायटिस बी पुन्हा तपासतात, आधी एकेटी झालेली असली तरी, तेव्हा जुन्या एकेटीची तारखेनिशी नोंद फाईलीत असू द्या.

आमची फाईल आता अशी लावलीय, वरती तो बॉलपेनचा कागद, मग तारखेप्रमाणं दुर्बिणीचे रंगीत फोटो, तुकड्याचे रिपोर्ट, स्कॅनची सीडी, औषधांची यादी, आणि शेवटच्या पानावर दर महिन्याचं वजन. गेल्या महिन्याचं ५४ आहे.